वेचणीचा हिशोब कोण वाचणार?



अध्यक्षाने सगळ्यांचं थोडंथोडं कौतुक करावं, दोन शेर ऐकवावेत आणि जेवणाची वेळ सांभाळावी, असा आपल्याकडचा रिवाज. आज तो माझ्याच्याने पाळला जाणार नाही. जॉन ग्रिशॅमच्या ‘अ पेंटेड हाउस’ या कादंबरीवर तुम्ही सकाळपासून जी मतं मांडलीत, त्यातली निम्मी ऐकून मला राग आला. उरलेली ऐकून जास्त आला. पहिली मतं कंटाळलेल्यांची होती, दुसरी गहिवरलेल्यांची. कंटाळलेल्यांशी भांडणं सोपं आहे, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

पहिली तक्रार: यात वकील नाही, कोर्ट नाही, खटला नाही. ग्रिशॅमचं नाव बघून पुस्तक घेतलं आणि हाती आलं काय, तर कापसाचं शेत! अहो, त्याने ती काही लपूनछपून लिहिली नव्हती. २००० साली ‘ऑक्सफर्ड अमेरिकन’ नावाच्या दक्षिणेतल्या नियतकालिकात ती क्रमशः आली, २००१ मध्ये पुस्तक झालं. हा माणूस १९५५ साली अर्कान्सॉतल्या जोन्सबरो इथे जन्मला, कापूस पिकवणाऱ्या घरात. लहानपणाची पहिली काही वर्षं ब्लॅक ओक गावाजवळ गेली, आणि कादंबरी घडते ती त्याच ब्लॅक ओकला, १९५२ च्या वेचणीच्या हंगामात. वकिली त्याला नंतर सुचली. कापूस आधीपासून होता. ज्यांना दर वेळी तोच फरसाण हवा असतो, त्यांनी दुकान बदलू नये हे मला मान्य आहे. पण दुकानदाराने नवा पदार्थ केला म्हणून त्याच्यावर फसवणुकीचा आरोप?

दुसरी तक्रार ऐकून तर मी हसलो. ‘काही घडतच नाही.’ मी मोजतो हं. गावात सगळ्यांदेखत मारामारी होते आणि एक तरुण लाकडाच्या तुकड्याने ठेचून मारला जातो. ज्याने मारलं, त्याचाही पुढे नदीवर चाकूने खून होतो. शेजारच्या दरिद्री कुळाच्या घरात एका अविवाहित पोरीला मूल होतं, आणि बोट दाखवलं जातं कोरियाच्या युद्धावर गेलेल्या आपल्या नायकाच्या काकाकडे. एक मुलगी मजुराबरोबर पळून जाते. नदी फुगते आणि उभं पीक पाण्याखाली जातं. यातलं बरंचसं हा नायक, ल्यूक चँडलर नावाचा सात वर्षांचा पोरगा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. तुमच्या गल्लीत एका हंगामात एवढं घडलं, तर तुम्ही दहा वर्षं दुसरं काही बोलणार नाही! तुम्हाला काही घडलं नाही असं वाटतं, कारण या सगळ्याच्या मधल्या पानांवर माणसं वाकून कापूस वेचत असतात, आणि वेचणी म्हणजे तुमच्या लेखी घडणं नव्हे.

आता गहिवरलेल्यांकडे वळतो. एक ताई म्हणाल्या, ‘किती निरागस बालपण!’ एका प्राध्यापकांनी आजोबा, रेडिओवरची बेसबॉलची कॉमेंट्री, अंगणातलं जेवण आणि रविवारचं चर्च अशी यादी दिली आणि हरवलेल्या गावाच्या आठवणीने डोळे पुसले. सर, तुमच्या अश्रूंचा अपमान करत नाही. पण निरागस कोण? खून पाहून तोंड उघडलंस तर तुझ्या आईला मारीन, अशी धमकी ज्या पोराला मिळते आणि जो ते ओझं घेऊन त्याच शेतात वेचणीला जातो, तो? त्याच्या पोटात दोन खून आहेत, आणि तुम्हाला दिसतात बेसबॉलची स्वप्नं! ती आहेतच. सेंट लुईस कार्डिनल्सचं जॅकेट घ्यायचं म्हणून तो वेचणीचे पैसे साठवतो. पण पैसे ‘वेचणीचे’ आहेत, हे आपण वाचतावाचता विसरतो.

मी कागद-पेन्सिल घेऊन ही कादंबरी वाचली. तुम्ही ८० एकर पाहिले, मी ते खंडाने घेतलेले ८० एकर पाहिले. जमीन यांची नाही. आजोबा एली चँडलर गावाच्या दुकानात उभं राहून डोंगरातून आलेल्या कुटुंबाशी सौदा करतात: शंभर पौंड कापसामागे १ डॉलर ६० सेंट. आता ५०० पौंडांची एक गाठ बांधायची, तर सरकीसकट साधारण दीड हजार पौंड कापूस वेचावा लागतो. म्हणजे गाठीमागे २४ डॉलर वेचणीतच गेले. त्यातून जिनिंगवाल्याचे जातात, बियाण्याचे, खताचे, दुकानातल्या उधारीचे जातात आणि जमीनमालकाचा वाटा जातो. हे सगळं भागल्यावर मागे काय उरतं, ते चँडलरांच्या घराच्या भिंतींवर दिसतं. वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या उघड्या फळ्या, रंगाचा एक हात नाही. सात वर्षांच्या पोराला मजुराच्या घरचा पोरगा हिणवतो, की तुमच्या घराला रंगसुद्धा नाही. त्या एका टोमण्यात चँडलर घराण्याचा सगळा ताळेबंद आला.

या सभागृहात कापूस घरात येणारे कितीजण आहेत, मला ठाऊक आहे. पऱ्हाटीच्या तासात कमरेला ओटी बांधून बाया कशा सरकतात, बोंडाच्या टोकदार टरफलांनी नखांच्या कडा कशा सोलतात, संध्याकाळी काट्याखाली गाठोडं आलं की प्रत्येकीची नजर कशी काट्यावर खिळते, हे तुम्हाला मी का सांगावं? वजनात मापाड्याचा अंगठा कुठे असतो, हे वेचणारीला पक्कं माहीत असतं. तिकडेही दिवसअखेर पोत्यांचं वजन होतं आणि मालक वहीत आकडे लिहितो. ल्यूक पोरगा असला तरी त्याचंही पोतं तोलतात. आणि आपल्यापैकी एकानेही सकाळपासून काट्याचा उल्लेख केला नाही! वऱ्हाडात बसून कापसाची कादंबरी वाचली आणि मतं दिली ती महाबळेश्वरला बसून दिल्यासारखी.

‘आमच्या मातीशी याचा काय संबंध?’ असंही एकाने विचारलं. ‘झोंबी’ आणि ‘धग’ असताना अर्कान्सॉ कशाला? ‘झोंबी’ वाचाच, आनंद यादवांचा बाप पोराला शाळेतून ओढून मोटेवर नेतो, आणि ल्यूकचा बाप त्या मानाने देवमाणूस आहे. पण संबंध विचारता? १८६१ ते १८६५ तिकडे यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस बंदरात अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी इकडे धाव घेतली आणि खामगावच्या बाजाराचे दिवस पालटले. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेले आपले पणजोबा सावकाराच्या वहीत अडकले. आज आपल्या शेतात जे उभं आहे, तेही बहुतांशी अमेरिकन कुळीचं वाण. नातं रक्ताचं नसलं, तरी सरकीचं आहे.

एकांनी शेवटाबद्दल कुरकुर केली. खुनी पकडला जात नाही, धागे सुटेच राहतात. अहो, खरा खुनी तुमच्या नजरेतून सुटला! १९४४ साली मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर पेरणीपासून गाठ बांधण्यापर्यंतचं अख्खं पीक यंत्रांनी काढून दाखवलं होतं. म्हणजे एली चँडलर १९५२ मध्ये मजुरांसाठी दुकानाच्या पायरीवर ताटकळतो, तेव्हा त्याच्या शेतीचा निकाल आठ वर्षांपूर्वीच लागलेला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हाताने वेचणी जवळपास संपली. पुरात पीक गेल्यावर ल्यूकचे आईबाप त्याला घेऊन मिशिगनमधल्या फ्लिंटला, ब्यूइकच्या मोटार कारखान्यात कामाला निघतात. म्हातारा-म्हातारी मागे राहतात. हा शेवट अर्धवट वाटतो? कोकणातून गिरणगावात गेलेल्यांना विचारा, की आपल्याकडून चाकणला गेलेल्या तुमच्याच पुतण्याला.

आणि त्या आईविषयी कोणीच कसं बोललं नाही? कॅथलीन रंगवलेल्या घरात वाढलेली बाई. चँडलरांच्या फळ्यांच्या घरात नांदते, भाजीचा मळा स्वतःच्या हाताने राखते, आणि पहिल्या पानापासून मनात एकच खूणगाठ: माझा पोरगा शेतकरी होणार नाही. सासऱ्याशी तिने कधी वाद घातला नाही. तिने बाहेरगावी जाण्याचं तेवढं मनात पक्कं ठेवलं. अशा बायका आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यामुळे तुम्ही आज पगारदार आहात, आणि इथे येऊन हरवलेल्या मातीसाठी रडता.

आता ग्रिशॅमलाही सोडायचं कारण नाही. घराला पांढरा रंग द्यायला लपूनछपून सुरुवात करतो तो ट्रॉट, डोंगरी कुटुंबातला अधू मुलगा. पुढे ल्यूक जॅकेटचे पैसे रंगावर खर्च करतो आणि मेक्सिकन मजूरही ब्रश उचलतात. प्रसंग सुंदर आहे, पण लेखकासाठी फार सोयीचा आहे. गुरं वाहण्याच्या ट्रकमधून आणलेली, गोठ्याच्या माळ्यावर झोपवलेली ही माणसं. १९४२ ते १९६४ या काळात दोन सरकारांच्या करारावर लाखो मेक्सिकन मजूर असे आणले गेले. एक-दोघे सोडले तर कादंबरीत त्यांना चेहरा नाही, आणि ज्याला ठळक चेहरा आहे त्याच्या हातात चाकू आहे. हे मला खटकतं.

त्याहून खटकते ती काळ्या माणसांची गैरहजेरी. अर्कान्सॉच्या कापसाच्या पट्ट्यातली कथा, आणि काळा माणूस जवळजवळ नाहीच! त्या भागातल्या काही गावांत गोऱ्यांचीच वस्ती होती, हे उत्तर मला माहीत आहे. पण शेजारच्याच जिल्ह्यात, टायरॉन्झा गावात, जुलै १९३४ मध्ये ११ गोरे आणि ७ काळे कुळवाडी एकत्र बसले आणि त्यांनी सदर्न टेनंट फार्मर्स युनियन काढली. सरकारने कापूस कमी पिकवा म्हणून पैसे दिले, ते जमीनमालकांनी खिशात घातले आणि कुळांना हुसकलं, त्याविरुद्ध. वहीतला आकडा बरोबर आहे का, हे विचारणारी माणसं एली चँडलरच्या हाकेच्या अंतरावर होती. कादंबरीला त्यांची हाक ऐकू आली नाही.

आणि ज्यांना वकील नसल्याचं दुःख झालं, त्यांच्यासाठी खास: १९१९ साली त्याच राज्यात, दक्षिणेला एलेनजवळ, कापसाला रास्त भाव मागायला काळे कुळवाडी चर्चमध्ये जमले. तिथे गोळीबार झाला, पुढचे दिवस कत्तल चालली. मृतांचा आकडा आजही वादात आहे. फाशी ठोठावली ती बारा काळ्यांनाच. त्यांची बाजू लढणाऱ्यांत स्किपिओ जोन्स होते, गुलामगिरीत जन्मलेले लिटल रॉकचे वकील. त्यातल्या सहांचा खटला १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला आणि १९२५ पर्यंत बाराही जण सुटले. घ्या, हा तुमचा कोर्टरूम थ्रिलर! तोही कापसाच्याच हिशोबातून निघाला.

म्हणून पुढच्या मेळाव्यासाठी माझी सूचना, आणि अध्यक्ष असल्यामुळे ती हुकूम समजा: मिल्ड्रेड टेलरची १९७६ ची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’. मिसिसिपी, १९३० चं दशक, काळं शेतकरी कुटुंब, स्वतःची जमीन, आणि सांगणारी नऊ वर्षांची कॅसी. ती कादंबरी ग्रिशॅमच्या शेजारी ठेवून वाचा. येताना मतं कमी आणा, पानांचे क्रमांक जास्त.

तिसऱ्या रांगेतले प्राध्यापक केव्हापासून हात वर करून आहेत. कार्यवाह घड्याळ दाखवताहेत, दाखवू द्या. माईक त्यांच्याकडे न्या. बोला सर, माझं काय चुकलं?