पाहुणे, फेरीबोट आणि दिवाडी बेट

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो आणि नोकरीची बरीच वर्षे डिचोली व पेडणे या दोन तालुक्यांत गेली. अध्यक्ष म्हणाले, "चवथीला आपल्या सर्वांकडे पाहुणे येतात. त्यांना बेटावर न्यायचे तर काय काळजी घ्यावी, एवढेच सांगा." म्हणून उभा आहे.

आपली घरे इथे दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांची. पाहुण्यांना वाटते, यांना सगळे ठाऊक. आपल्यालाही तसेच वाटते आणि तिथेच चूक होते. माझीच एक सांगतो.

काही वर्षांपूर्वी साताऱ्याहून माझे थोरले काका आले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, मधुमेहाची औषधे चालू. त्यांची एकच इच्छा होती. नार्व्याचा श्रीसप्तकोटेश्वर पाहायचा आणि देवाचे मूळ ठिकाण असलेले दिवाडी बेटही पाहायचे. कदंब राजांचे हे कुलदैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात दिवाडीवरचे देऊळ पाडले गेले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार नार्व्याला आणले. नार्व्याचे देऊळ छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधून घेतले. काकांनी हे शाळेत मुलांना शिकवले होते, डोळ्यांनी पाहिले नव्हते.

रविवार होता. देवळात दर्शन झाले, अकरा वाजले. मी म्हणालो, "काका, दिवाडी काय, ही समोर. फेरीने जाऊ, जेवायला घरी." घरी जेवण तयार होते, म्हणून सोबत काहीच घेतले नाही. काकांनी सकाळची गोळी घेतलेली होती. बेट फिरण्यात दीड वाजला. परत धक्क्यावर आलो तर गाड्यांची ही रांग! उन्हात अर्धा तास गेला आणि काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. साखर उतरली होती. माझ्या गाडीत पाण्याची बाटली होती, पण गोळीभर साखर नव्हती.

जवळच्या घरातल्या एका ख्रिस्ती आजींनी पाहिले. "हांगा बसात," म्हणत त्यांनी काकांना व्हरांड्यात बसवले, पेलाभर पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळून आणली. पंधरा मिनिटांत काकांना हुशारी आली. मग त्यांनी चहा-पाव दिला. काका मराठीत आभार मानत होते, आजी कोकणीत रागावत होत्या, तेही मला! "म्हाताऱ्या माणसाला उपाशी फिरवतोस?" असाच त्याचा अर्थ. मी मान खाली घालून ऐकले.

त्या दिवसापासून पाहुण्यांना बेटावर नेताना मी काही गोष्टी पाळतो. त्या सांगतो.

पहिली गोष्ट, पाहुण्यांच्या येण्याची. विमानाने येणाऱ्याने तिकीट काढतानाच विमानतळाचे नाव नीट पाहावे. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली आणि डिचोलीकरांना दाबोळीपेक्षा तो सोयीचा. रेल्वेने येणाऱ्याने पेडणेकडे उतरायचे असेल तर पेडणे, डिचोलीकडे यायचे असेल तर थिवी स्टेशन धरावे. मोटारीने मुंबईकडून आल्यास पत्रादेवीला गोव्यात प्रवेश होतो. डिचोलीला दोडामार्गाकडूनही येता येते. पावसात घाटातून रात्रीचा प्रवास टाळायला सांगावे. भाड्याची दुचाकी घेणार असतील तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी. खासगी नंबरची गाडी भाड्याने घेतली तर दंड भरावा लागतो आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ होतो.

दुसरी गोष्ट, समुद्राची. चवथीचे पाहुणे पावसाळ्यातच येतात आणि पोरांना हरमल, मोरजी, केरीचे वेध लागलेले असतात. किनारा जरूर दाखवा, पण पाण्यात उतरू देऊ नका. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. लाल बावटा दिसला की गुडघाभर पाण्यातही जायचे नाही. केरी आणि मोरजीला तर नदी समुद्राला मिळते, तिथली ओढ वरून कळत नाही. म्हणूनच मी म्हणतो, या दिवसांत बेट दाखवावे. पावसात हिरवीगार भातशेती असते, गर्दी कमी असते.

तिसरी गोष्ट, फेरीची. दिवाडीला तीन बाजूंनी फेरी आहे: डिचोली तालुक्यातून नार्व्याहून, जुन्या गोव्याहून आणि रायबंदरहून. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. शक्य असेल तर गाडी अलीकडेच ठेवावी. गाडी नेलीच तर बोटीत चढवण्याआधी वृद्ध आणि मुलांना उतरवून चालत न्यावे. उतारावर शेवाळ असते, म्हणून हात धरावा. आत गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, काचा खाली ठेवाव्यात. आणि बेटावर उतरताक्षणी धक्क्यावरच्या माणसाला परतीच्या आणि शेवटच्या फेरीची वेळ विचारावी. रविवारी, गोकुळाष्टमीला आणि ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारी, म्हणजे बोंदेरामच्या दिवशी, रांग लागणारच. तासभर हातचा राखावा.

चौथी गोष्ट, बेटावरच्या वागण्याची. दिवाडी हे लोकांचे गाव आहे, करमणुकीची बाग नव्हे. घरांचे फोटो काढण्याआधी विचारावे. खाजन शेतीच्या बांधावर गाडी घालू नये. तो बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि त्या माणसाचे भात जाते. मांडवी आणि कुंभारजुव्याच्या पाण्यात मगरी आहेत, तेव्हा हातपाय धुवायलाही खाडीत उतरू नये. शेजारच्या चोडण बेटावर जायचे असेल तर डिचोलीहून मयेमार्गे रस्त्यानेही जाता येते. तिथले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ सालचे. पक्षी पाहायचे तर हिवाळ्यात आणि सकाळी लवकर जावे.

पाचवी गोष्ट मी त्या आजींकडून शिकलो. वृद्ध पाहुणे सोबत असतील तर औषधे, पाणी, बिस्किटे आणि मूठभर साखर पिशवीत हवीच. जेवणाची वेळ चुकवू नये. साखर उतरलेला माणूस शुद्धीवर असेल तरच तोंडाने द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन करावा.

आणि परतीची दुसरी वाट माहीत हवी. त्या दिवशी आम्ही नार्व्याची रांग सोडून जुन्या गोव्याच्या फेरीने उतरलो, कारण काही झालेच तर बांबोळीचे गोमेकॉ त्या बाजूने जवळ. काका ठीक होते, म्हणून बाणस्तारी, माशेल, खांडोळे, आमोणे असे वळसा घालून घरी निघालो. खांडोळ्याला काका म्हणाले, "गाडी थांबव." तिथला महागणपतीही मूळचा दिवाडीचाच, तोही नदी ओलांडून आलेला. काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "अरे, देवांना नेतानाही लोकांनी आधी वाट बघून ठेवली असेल. तू मात्र मला बिस्किटाशिवाय नेलेस!"

काका नंतर पुन्हा गोव्यात येऊ शकले नाहीत. पण दिवाडी पाहिल्याचे समाधान आणि त्या साखरेच्या पाण्याची गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत होते. थोडे इकडेतिकडे झाले असते तर तीच गोष्ट मला आयुष्यभर वेगळ्या रीतीने सांगावी लागली असती.

यंदा आपल्या घरी पाहुणे येतील. त्यांना बेट दाखवा, पण "इथेच तर आहे" म्हणून निघू नका. एवढेच बोलतो आणि थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!