कार्ल्याच्या चैत्यगृहात पडलेला प्रश्न

(अभ्यासवर्गाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



धर्म, कला आणि माणसाला वाटणारे गूढ असा आजचा विषय पत्रिकेवर छापला आहे. तो आम्हाला एका विद्यार्थिनीने दिला. गेल्या हिवाळ्यात अभ्यासवर्गाची मुले घेऊन आम्ही कार्ल्याला गेलो होतो. तिथे लेणी आणि एकवीरा आईचे देऊळ अगदी शेजारी आहेत. पायऱ्यांवर नवस फेडायला निघालेल्यांची गर्दी होती. एका वृद्ध बाईंच्या अंगात आले होते. केस सुटलेले, भोवती बायका हात जोडून उभ्या. आमची मुले हसली. आम्हीही त्यांना दटावले नाही, हे कबूल केले पाहिजे. थोड्याच वेळात तीच मुले चैत्यगृहात शिरली आणि एकदम गप्प झाली. परतीच्या गाडीत अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, बाहेर आपण त्यांना हसलो आणि आत आपल्यालाच काहीतरी झालं. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?"

गाडीत आम्हाला उत्तर देता आले नाही.

प्रथम, आत आम्हाला नेमके काय झाले ते पाहू. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. लांबी जवळजवळ 37 मीटर, उंची 14 मीटरच्या आसपास. दर्शनी भागात घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रचंड खिडकी आहे. उजेड येतो तो मुख्यतः तिच्यातून. तो मधल्या दालनावरून स्तूपाकडे जातो. खांबांच्या रांगांमागचे मार्ग अंधारातच राहतात. त्यामुळे आत येणाऱ्याचे डोळे कुणी न सांगता स्तूपाकडे वळतात. वर पाहावे तर कमानीसारख्या लाकडी फासळ्या. छत अखंड डोंगरातच कोरलेले, त्याला लाकडाच्या आधाराची काही गरज नाही. तरीही त्या कारागिरांनी फासळ्या बसवल्या, कारण त्यांच्या आधीची सभागृहे लाकडाची असत आणि डोळ्यांना ती सवय होती. त्या फासळ्यांपैकी बऱ्याच आजही जागेवर आहेत. स्तूपावरचे लाकडी छत्रही आहे.

आणि मूर्ती नाही! बाहेरच्या भिंतीवर बुद्धमूर्ती आहेत, पण त्या पुढच्या काळात कोरलेल्या. मुख्य दालनात जिथे नजर थांबते, तिथे चेहरा नाही, नुसता दगडी घुमट. आमच्या मते मुलांना गप्प केले ते या रिकामेपणाने.

यात चमत्कार कुठेही नाही. उलट सगळा हिशेब भिंतीवर आणि खांबांवर लिहून ठेवलेला आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले. धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दान दिले. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजा केला. इतिहास लेण्यात देवाचे नाव शोधत नाही, सुताराचे सापडते! हे सारे मुलांना आम्ही जाण्याआधी वर्गात शिकवले होते. तरीही ती गप्प झाली. कारण कळले म्हणून थरार गेला नाही, हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे.

आता त्या बाईंकडे येऊ. त्यांच्या अंगावर जो काटा आला असेल तो माणसाचाच, आणि आमच्या मुलांच्या अंगावर आला तोही माणसाचाच. इथे फरक शोधू नये, हसायचे तर मुळीच नाही. काट्यानंतर काय होते, तिथे आपण पाहावे. कुणीतरी पुढे येतो आणि सांगतो की याचे उत्तर माझ्याजवळ आहे, भीती बाळग, दक्षिणा ठेव, विचारू नकोस. आमचे भांडण त्याच्याशी आहे. या भीतीच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला आणि त्यानंतरच, त्याच वर्षी, जादूटोणाविरोधी कायदा झाला. ही गोष्ट लहान नाही.

तथागतांनी काय केले? मालुंक्यपुत्ताने विचारले, जग शाश्वत आहे की अशाश्वत, मृत्यूनंतर तथागत असतो की नसतो. उत्तर मिळाले नाही तर संघ सोडतो, असा त्याचा धाक! भगवंतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला आणि ते प्रश्न तसेच ठेवले. नालंदेत केवट्टाने चमत्काराचा आग्रह धरला, तोही त्यांनी मानला नाही. अज्ञाताची जागा त्यांनी रिकामी राहू दिली, तिथे कुणाला बसवले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अलौकिकावरील श्रद्धा म्हणजे धम्म नव्हे, असे स्पष्ट मांडले. आईन्स्टाईननेही 1930 च्या एका निबंधात गूढाची जाणीव हे खऱ्या कलेचे आणि विज्ञानाचे उगमस्थान मानले, आणि त्याच निबंधात बक्षीस व शिक्षा देणारा देव नाकारला. दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात.

थोडे घरातले बोलतो, राग नसावा. परित्राण पाठाचा धागा मनगटावर बांधून ताप उतरण्याची वाट पाहणारे आपल्यातही आहेत. बाळाला आधी डॉक्टरकडे न्या, मग धागा बांधा. उलट काही कार्यकर्ते असे की त्यांना विहारात भाषणाखेरीज काही सोसत नाही. पाच मिनिटे शांत बसणेही त्यांना अंधश्रद्धा वाटते. मुले कंटाळतात ती यामुळे. वामनदादा कर्डकांचे गाणे रात्री उशिरा वस्तीत सुरू झाले की म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. त्यात देव कुठे होता? पण निव्वळ माहिती सांगूनही ते डोळे भरले नसते.

त्या मुलीला आम्ही हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग सर, आपण त्या आजींशी बोललो का नाही?" याचे उत्तर आमच्याजवळ आजही नाही.

यंदाची सहल पुन्हा कार्ल्यालाच आहे. चैत्याचे तोंड पश्चिमेला आहे आणि मागच्या वेळी आम्ही सकाळीच जाऊन परतलो होतो. या वेळी दुपारी उशिरा आत बसायचे ठरले आहे, उजेड स्तूपापर्यंत कसा येतो ते पाहायला. ब्राह्मी अक्षरांचा तक्ता प्रत्येकाने सोबत आणावा. सामी सुताराचे नाव दाराजवळ आहे, ते मुलांनी स्वतः शोधायचे आहे.