उपशाच्या आधारावरची भूमी

कोकणातील खारभूमीत भरतीचे पाणी बांधाने अडवितात. ओहोटी लागली की उघाडीतून आतले पाणी आपोआप बाहेर पडते. हॉलंडातही प्रारंभी हीच युक्ती चालत असे. परंतु तेथील पुष्कळशी जमीन कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची. चर खणून पाणी काढले की ती माती आकसते, हवा लागून झिजते आणि जमीन खचते. ज्या उपायाने शेत पिकावे, त्यानेच ते खाली जावे, असा हा पेच! ओहोटीच्याही पातळीखाली गेलेल्या शेतातले पाणी उचलूनच टाकावे लागते.

पंधराव्या शतकापासून हे काम पवनचक्क्यांनी पत्करले. १६१२ मध्ये बेमस्टर सरोवर त्यांनीच कोरडे केले. त्या कामातील जाणकार यान लेघ्वाटर यांनी पुढे १६० पवनचक्क्यांनी विस्तीर्ण हार्लेम सरोवर उपसण्याची योजना मांडली. ती कागदावरच राहिली. सरोवर मात्र काठ गिळीत वाढत गेले. १८३६ च्या वादळांत त्याचे पाणी एकीकडे ॲम्स्टरडॅमच्या, तर दुसरीकडे लायडनच्या वेशीला भिडले, तेव्हा कोठे शासनाचा निश्चय झाला.

१८४० मध्ये सरोवराभोवती सुमारे ६० किलोमीटरांचा कालवा खणण्यास आरंभ झाला. सरोवरातील पाणी वाफेच्या यंत्रांनी या उंच कालव्यात चढवावयाचे आणि तेथून समुद्राकडे वाटेस लावावयाचे, अशी ही रचना. तीन उपसा-केंद्रे उभारली गेली. त्यांतील एकास लेघ्वाटर यांचेच नाव मिळाले. १८५२ मध्ये सुमारे १८,००० हेक्टर तळ उघडा पडला. तेथे प्रथम वस्तीस आलेल्यांच्या वाट्याला मात्र चिखल आणि रोगराई आली. आज त्याच तळावर स्किपोलचा विमानतळ आहे.

वाफेची जागा पुढे डिझेलने व विजेने घेतली. क्रुक्वियस येथील यंत्र १९३३ मध्ये थांबले आणि ते केंद्र संग्रहालय झाले. लेमर येथील १९२० चे वाफेचे केंद्र मात्र पाणी फार चढले म्हणजे अजूनही कामास येते.

यंत्रे पालटली, पेच पालटला नाही. बांध कितीही भक्कम असला तरी पाऊस वरून पडतोच आणि पाणी खालून पाझरतेच. म्हणून त्या देशात मध्ययुगापासून जलमंडळे नांदत आहेत. जमीनधारकांकडून कर घेऊन ती बांध आणि कालवे राखतात. कारण तेथे शेजाऱ्याचा फुटका बांध हे एकट्या शेजाऱ्याचे दुःख नसते. जिंकलेली भूमी तेथे एकदाच जिंकून भागत नाही. ती रोज नव्याने राखावी लागते.