दांड घातलेले लुगडे



युद्ध सीमेवर लढले जाते, परंतु त्याची झळ घरातील फडताळापर्यंत पोहोचते. दुसऱ्या महायुद्धात महाराष्ट्रातील कुटुंबांनी हे अनुभवले. १९४२ च्या आरंभी मलाया जपानच्या हाती गेला आणि कथिलाचा मोठा स्रोत तुटला. त्याच वर्षी ब्रह्मदेश पडला व तिकडून येणारा तांदूळ थांबला. १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि कापडावर नियंत्रण आले. तांबे वाचविण्यासाठी मधोमध भोक असलेला पैसा निघाला, तोही त्याच वर्षी.

कथील दुर्मीळ म्हणजे कल्हई दुर्मीळ. आणि कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक वा चिंचेची आमटी कळकते. म्हणून ज्या घरी चांगली कल्हई असलेले पातेले असे, तेथून ते जावेकडे, नणंदेकडे, लेकीच्या सासरी जाई. भांड्यावर नाव कोरलेले असे एका घराचे आणि चूल पेटे दुसऱ्या घरची. ते नाव कोणी घासून काढीत नसे.

कापडाचेही तसेच. दोन विटलेल्या लुगड्यांचे धड भाग एकत्र करून दांड घातली की एक लुगडे उभे राही. तेही विरले की धाकटीचा परकर, मग बाळाचे दुपटे आणि शेवटी गोधडीतला एक थर. थोरल्याचा सदरा धाकट्याला येणे ही तर घरोघरची रीतच होती.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रेशनच्या दुकानात माणशी माप ठरलेले होते. घरात ते माप गृहिणीच्या मनात असे. एखाद्या घरात धड लुगडे लेकीला मिळे आणि विरलेले आश्रित विधवा आत्याला. देणे दोन्ही ठिकाणी होते, पण एकात आपलेपणा होता आणि दुसऱ्यात केवळ उरलेसुरले. टंचाईने माणसे उदार केली असे नाही. घर कोणाला आपले मानते, एवढेच तिने उघड केले.

ज्या गृहिणीने आत्याच्या लुगड्यालाही लेकीच्या लुगड्याइतक्याच निगुतीने दांड घातली, तिने खरे कुटुंब राखले. तिचे नाव कोणत्याही भांड्यावर कोरलेले नसेल.

आज कपाटे भरलेली आहेत. जुने कपडे, भांडी देण्याचे प्रसंग दिवाळीच्या आवराआवरीत येतात. तेव्हा प्रत्येक घराने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू सख्ख्या बहिणीला अशीच दिली असती काय? उत्तर 'नाही' असेल, तर आधी बटण लावावे, उसवलेले शिवावे, भांडे घासून लख्ख करावे आणि मगच ते दुसऱ्याच्या हाती द्यावे.