एका रिंगचा फास

आमच्या कोकणी घरात मिस्ड कॉल ही एक भाषाच होती. धाकटा भाऊ कुवेतला. एक रिंग म्हणजे ‘खुशाल आहे’, दोन म्हणजे ‘पैसे पाठवले’. फुकटचा निरोप!

2012 च्या रमजानमध्ये अम्मीच्या मोबाइलवर अशीच एक रिंग वाजून थांबली. नंबराआधी अधिकचं चिन्ह; परदेशचा फोन, एवढंच तिला कळे. तिनं उलट फोन लावला. पलीकडे नुसतं संगीत. आता मुलगा बोलेल, आता बोलेल म्हणून ती ऐकत राहिली, बॅलन्स संपेपर्यंत.

मी नंबर पाहिला. कुवेतचा संकेतांक 965. हा 232, सिएरा लिओनचा. या फसवणुकीचं नाव जपानी आहे, ‘वांगिरी’. एकदा वाजवायचं आणि तोडायचं. आपण फोन फिरवला की महागडा आंतरराष्ट्रीय दर लागतो, त्यातला वाटा भामट्यांना. म्हणून तर गाणी ऐकवून धरून ठेवतात! नुसत्या रिंगनं पैसे जात नाहीत. अनोळखी संकेतांकावर फोन फिरवूच नका. आपलं माणूस पुन्हा करील.

अम्मी म्हणाली, “पण त्याचाच असता तर?”

तिला अक्षरओळख नव्हती. मी भावाच्या नंबराला वेगळी धून लावून दिली.