सूर्यास्तानंतर अटक नाही, हे कलम आले कुठून?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



पोलीस ठाण्यात गेलो की आपण ठणकावून सांगतो, ‘सूर्य मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही.’ हे वाक्य आता आपल्या तोंडात बसले आहे. त्यामागे बायकांचे आंदोलन आहे, तसेच एका पत्रकाराचे पत्रही आहे. आज त्या पत्राविषयी बोलते.

मे १९८२ मध्ये शीला बर्से या मुक्त पत्रकार मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री-कैद्यांना भेटल्या. पाचजणींनी सांगितले, पोलीस कोठडीत आम्हाला मारले. मुलाखती टेप होऊ लागल्या तशी बर्से यांची परवानगीच काढून घेण्यात आली! त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतले. मथुरा निकालाविरुद्धचे १९८० चे मोर्चे तेव्हा ताजे होते. कोठडीत बाईचे काय होते, हा प्रश्न रस्त्यावर आलेला होता.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे. न्यायालयाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन, कैद्यांशी एकान्तात बोलून अहवाल द्यायला सांगितले. त्यात भलतेच निघाले. दोन परदेशी बायांचे जवळजवळ निम्मे सामान आणि दागिने त्यांच्या वकिलानेच फीच्या नावाखाली लाटले होते. चौकशी मारहाणीची होती, पण या बायकांच्या बाजूने कोणीच नाही हेही उघडे पडले.

फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल आला. मुंबईत चार-पाच कोठड्या फक्त स्त्रियांसाठी ठेवा, पहारा स्त्री-पोलिसांचा ठेवा. जाबजबाब स्त्री-पोलिसांच्या समक्षच घ्या. अटकेचे कारण ताबडतोब सांगा, कायदेविषयक मदत समितीला कळवा. सत्र न्यायाधीशांनी, शक्यतो बाईनेच, कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात.

सूर्यास्ताचा उल्लेख यात नाही. तो कायदा आयोगाने १९८९ साली कोठडीतील स्त्रियांविषयी दिलेल्या अहवालात आहे. संसदेने दुरुस्ती केली २००५ मध्ये, ती अमलात आली जून २००६ मध्ये. पत्रापासून मोजली तर चोवीस वर्षे! बातमी आठवड्यात शिळी होते. निकाल वकिलांच्या पुस्तकात जातो. ठाणे अंमलदार विचारतो तो कलमाचा आकडा. म्हणून कायद्यात शब्द यावे लागतात, आणि ते येईपर्यंत कोणीतरी विषय धरून बसावे लागते.

आता तो आकडा बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३(५). त्यात ‘अपवादात्मक परिस्थिती’ ही फट आहेच. भरीस भर म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ठरवले, की ही तरतूद मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. ती न पाळणाऱ्या अधिकाऱ्याने समाधानकारक खुलासा मात्र दिला पाहिजे. मला हा निकाल पटत नाही. पण त्यातल्या खुलाशाच्या अटीचा उपयोग आपण करून घेऊ शकतो.

रात्री अटक झाली तर कलमाप्रमाणे स्त्री-अधिकाऱ्याने आधी लेखी अहवाल देऊन प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायला हवी. तो कागद मागा. नसेल तर अटकेची वेळ, बाईला कोणी नेले, स्त्री-पोलीस हजर होती का, हे तिथेच वहीत लिहा, आणि सकाळी न्यायालयात वकिलांच्या हाती द्या. गावातल्या वार्ताहरालाही एक प्रत द्या.