जुन्या वाद्यांची रास्त किंमत

(उपनगरातील शिक्षक व सार्वजनिक मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासमोर अंधेरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या वस्तूची किंमत ठरविणे हा व्यापाऱ्यांचा विषय आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु घरातील कर्त्या वादकाच्या पश्चात त्याची गिटार आणि अॅम्प्लिफायर विकण्याची वेळ येते, किंवा एखाद्या शाळेला कपाटात धूळ खात पडलेली वाद्ये निकालात काढावयाची असतात, तेव्हा हा प्रश्न थेट आपल्या दारी येऊन उभा राहतो. अशा वेळी अज्ञानापोटी दोन प्रकारची हानी होते. विकणारे कुटुंब भंगाराच्या भावात वाद्य देऊन टाकते, अथवा शिकाऊ विद्यार्थी न वाजणाऱ्या वाद्यासाठी आपली वर्षभराची बचत मोजतो. दोन्ही टाळता येण्याजोगी आहेत. त्यासाठी काय पाहावे, एवढेच मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

उपनगरांचा वारसा

मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. हिंदी चित्रपटसंगीताचे ध्वनिमुद्रण कित्येक दशके मोठ्या वाद्यवृंदाच्या साहाय्याने होत असे. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या ठिकाणी ध्वनिमुद्रणासाठी जाणाऱ्या वादकांपैकी अनेकांची घरे उपनगरांत होती. त्यांत गोव्यातील चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेल्या कलावंतांचा मोठा वाटा होता. १९९० च्या दशकात सिंथेसायझर आणि संगणक यांनी वाद्यवृंदाचे पुष्कळसे काम आपल्याकडे घेतले. त्याच सुमारास मराठी ऑर्केस्ट्राचा बहरही ओसरू लागला. कलावंतांची कामे कमी झाली, वाद्ये मात्र घरांतच राहिली. आज बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील पोटमाळ्यांवरून खाली उतरणाऱ्या काही वाद्यांमागे ही हकीकत आहे.

दुसरा बदल आयातीच्या धोरणाचा. १९९१ पूर्वी परदेशी गिटार किंवा अॅम्प्लिफायर येथे मिळणे दुर्मीळ होते. त्यामुळे जुन्या परदेशी वाद्यालाही भरमसाट किंमत येत असे. १९९१ नंतर आर्थिक धोरण बदलले आणि १ एप्रिल २००१ पासून उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधनेही दूर झाली. आता धोबीतलावच्या दुकानांत नवे परदेशी वाद्य सहज पाहावयास मिळते. म्हणून ‘हे बाहेरचे आहे’ एवढ्या शब्दावर किंमत वाढविण्याचे दिवस संपले. ‘वडिलांनी त्या काळी इतके रुपये मोजले होते’ हे वाक्य भावनेच्या दृष्टीने कितीही खरे असले, तरी हिशेबात त्याला स्थान नाही.

गिटार कशी तपासावी

सतार आणि तंबोऱ्याशी परिचय असलेल्या मंडळींना गिटारची परीक्षा अवघड जाऊ नये. प्रथम मान पाहावी. वाद्य डोळ्यांसमोर धरून मानेच्या कडेवरून नजर टाकली की ती वाकली आहे किंवा पिळली आहे, हे ध्यानी येते. थोडा वाक मानेतील लोखंडी सळईच्या साहाय्याने काढता येतो, परंतु पीळ सहसा निघत नाही. त्यानंतर बारावा पडदा पाहावा. तो तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तेथे तारेला हलकेच स्पर्श करून काढलेला स्वर आणि तीच तार दाबून काढलेला स्वर एकच यावयास हवा. मग पडद्यांची झीज, खुंट्यांची पकड, आणि घोडी पुढच्या फळीवरून उचलली गेली आहे काय, हे पाहावे.

मुंबईच्या हवेचा येथे विशेष विचार करावा लागतो. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता पुष्कळदा ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड फुगते, फळीला पोक येते, सांध्यांचा सरस सुटतो. अखंड लाकडाच्या फळीची गिटार अधिक किमतीची आणि जुनी होता होता पुष्कळदा अधिक मधुर होणारी खरी, परंतु दमट हवेचा मार तिलाच अधिक बसतो. प्लायवूडची गिटार कमी किमतीची असली, तरी हवामान अधिक सोसते. फळी अखंड आहे की प्लायवूडची, हे ध्वनिछिद्राच्या कडेवरील लाकडाचे थर पाहून बहुधा कळते. या एका गोष्टीने किमतीत मोठा फरक पडतो.

अॅम्प्लिफायरचा घसारा

चांगल्या लाकडी वाद्याची किंमत काही वर्षांनी एका पातळीवर स्थिरावते, अॅम्प्लिफायरची मात्र उतरतच जाते. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाद्य न वापरताही कालांतराने सुकतात व सततची घरघर ऐकू येऊ लागते. स्पीकरचा कागदी पडदा फाटतो किंवा त्यामागील वेटोळे घासू लागते. सुटे भाग मिळेनासे होतात. जुन्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरना जाणकार वादकांकडून आजही चांगली मागणी असते, पण तो अपवाद समजावा. अशा यंत्रात ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. म्हणून तपासणीसाठी झाकण उघडणे हे कुशल कारागिराचेच काम आहे. अमेरिकेहून आलेले यंत्र ११० ते १२० व्होल्टचे असल्यास त्याला आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर लागेल, तो खर्च किमतीतून वजा करावा. अर्थिंगची तार तोडलेली असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ते यंत्र विकूच नये.

केवळ वॅटच्या आकड्यावर भाव देणेही चुकीचे ठरते. ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. चाळीच्या गच्चीवर सराव करणाऱ्या मुलाला प्रचंड शक्तीचे यंत्र देणे म्हणजे त्याला न वापरता येणाऱ्या गोष्टीचे पैसे घेणे होय.

हिशेबाची रीत

आता प्रत्यक्ष आकडेमोड पाहू. हे आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत. एखाद्या गिटारसारखी नवी गिटार आज १६,००० रुपयांना मिळते असे समजा. तशाच सुस्थितीतील जुन्या गिटारी साधारण ८,५०० रुपयांना विकल्या गेल्या आहेत. येथे सांगितलेली किंमत न धरता प्रत्यक्ष व्यवहार झालेली किंमत धरावयाची. आपल्या गिटारला पडदे घासून घेणे, तारा आणि खुंट्या बदलणे यासाठी १,५०० रुपये खर्च आहे. तेव्हा आहे त्या स्थितीत तिची रास्त किंमत ७,००० रुपये.

हीच गिटार दुकानदार घेईल तेव्हा त्याला दुरुस्तीचे १,५०० रुपये, त्याशिवाय जागेचे भाडे, गुंतलेले भांडवल, कर आणि नफा यांसाठी समजा २,००० रुपये लागतील. म्हणजे त्याने ५,००० रुपये देऊ करणे अन्यायाचे नाही, कारण गिऱ्हाईक शोधण्याचा आणि वाट पाहण्याचा भार तो उचलतो. पण त्याने १,५०० रुपये सांगितले, तर नम्रपणे नकार द्यावा. वस्तू व सेवा कराच्या नियमांत जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास, विहित अटी पाळल्यास, खरेदी व विक्री यांतील फरकावरच कर भरण्याची सोय आहे. येथे तो फरक ३,५०० रुपयांचा होईल. ‘संपूर्ण किमतीवर कर बसतो, म्हणून कमी देतो’ ही सबब ऐकून घेताना हे स्मरणात असावे.

काळवेळही पाहावी. गणेशोत्सव, नवरात्र आणि नाताळ यांच्या आधी अॅम्प्लिफायरला गिऱ्हाईक असते, उत्सव सरताच तेच यंत्र पडून राहते. ज्याला घाई नाही त्याने आषाढात विकू नये आणि ज्याला घ्यावयाचे आहे त्याने उत्सवाच्या तोंडावर घेऊ नये.

शाळा आणि पंचायती

आपल्या ग्रामीण वाचकांनाही ही रीत उपयोगी पडावी, कारण हार्मोनियमच्या भात्याला आणि ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकाला हेच नियम लागू पडतात. जड संग्रह नोंदवहीत घसारा वजा जाता एखाद्या वस्तूची किंमत शून्य झाली, म्हणजे बाजारात ती शून्य झाली असे नव्हे. निर्लेखन करताना वाद्ये मोडक्या बाकांच्या आणि पत्र्याच्या ढिगात घालून वजनावर विकू नयेत. सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन त्यांची स्वतंत्र यादी करावी, जाणकाराकडून स्थिती लिहून घ्यावी, आणि त्या आधारे किमान बोली ठरवावी. जवळच्या शाळेला ते वाद्य हवे आहे काय, हा प्रश्न लिलावापूर्वी विचारला गेला तर अधिकच उत्तम.

शेवटी एक सूचना. प्रत्येक व्यवहारासोबत एक पानाचे नोंदपत्र असावे. त्यात वाद्याचा प्रकार, क्रमांक, मालकीचा पुरावा, झालेल्या दुरुस्त्या आणि उरलेले दोष स्पष्ट लिहावेत, खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो घेणे हा पूर्वीच्या दंडसंहितेप्रमाणेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसारही अपराध आहे, म्हणून मालकीचा रकाना रिकामा ठेवू नये. दोष लपविला तर एक व्यवहार साधेल, दोष लिहून दिला तर किमतीवरचा विश्वास बसेल. आयुष्यभर ज्याने त्या वाद्यावर घर चालविले त्याच्या कुटुंबाला योग्य मोबदला मिळावा आणि ज्याच्या हाती ते नव्याने जाणार आहे त्याला ते पहिल्या दिवशीच वाजविता यावे, या दोन्ही गोष्टी ज्या आकड्यात बसतात, तीच रास्त किंमत. तो आकडा काढून देण्याचे साधे काम आपल्यातील संगीत शिक्षकांनी आणि मंडळांनी आपल्या विभागात अंगावर घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.